चर्चच्या छपराचं पाणी, चर्चच्या विहिरीत: राखेच्या बुधवारपासून आगेरापर्यंत

कौलारू चर्चच्या भिंतीपासून दीड-दोन हातांवर जमिनीत एक सरळ ओळ दिसते. ती पागोळ्यांनी पाडलेली असते. खाली जांभ्याची फरशी असेल तर तिच्यावर बोटाचं पेर बुडेल एवढे खळगे पडलेले असतात. दर पावसाळ्यात या ओळीवर काही लाख लिटर पाणी उतरतं, अंगणातून गटारात जातं आणि गटारातून खाडीत. मे महिन्यात त्याच अंगणात टँकर उभा असतो.

हे पाणी अडवायचं कसं, विहिरीत सोडायचं कधी आणि कधी मुळीच सोडायचं नाही, हे इथे उपवासकाळाच्या सुरुवातीच्या राखेच्या बुधवारपासून ऑक्टोबरातल्या आगेरापर्यंत, म्हणजे नव्या भाताच्या सणापर्यंत, क्रमाने सांगितलं आहे. वसई, अलिबागसारख्या वाळूच्या किनारपट्टीवरचे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या जांभ्यावरचे असे दोन्हीकडचे धर्मग्राम (पॅरिश) आणि मंडळ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन्हीकडचं उत्तर एकच नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

श्रद्धेचा भाग थोडक्यात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो मशागत आणि राखण अशा दोन कामांसाठी. मशागत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. वसईच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या त्याची साक्ष देतात. राखण मात्र पंप आला आणि सुटली. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र २४ मे २०१५ चं आहे. त्याच्या ३० व्या परिच्छेदात पिण्यायोग्य सुरक्षित पाणी मिळणं हा माणसाचा मूलभूत आणि सार्वत्रिक हक्क म्हटला आहे. आपल्या आवारात बेसुमार उपसा चालू आहे आणि शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते आहे, अशा वेळी हा परिच्छेद आधी आपल्यालाच लागू होतो.

५ जूनला रोप लावून फोटो काढण्याला विरोध नाही. पण ज्या पंपाचं बटण आपल्याच हातात आहे तिथून सुरुवात केली तर फरक मोजता येतो.

राखेचा बुधवार: आधी वही, मग खर्च

फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवासकाळ सुरू होतो तेव्हा विहिरीचं पाणी उतरायला लागलेलं असतं. मोजमापाला हीच वेळ योग्य. एक वही, एक मोजपट्टी आणि एक हातात धरायचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं), एवढंच साहित्य लागतं. युवक मंडळातले दोघे नेमावेत. एकट्यावर सोपवलं की परीक्षेच्या दिवसांत नोंद बंद पडते.

दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्याआधी, कठड्याच्या ठरावीक खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधलं की ती सरळ उतरते. विहीर खाडीला किंवा समुद्राला लागून असेल तर तिची पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी वरखाली होते, म्हणून नोंदीशेजारी भरती की ओहोटी हेही लिहा. नाही तर एखाद्या रविवारी अर्धा फूट वाढलेलं पाणी बघून उगाच आनंद होतो.

मग खारटपणा. बहुतेक जण बादलीतल्या पाण्यात मीटर बुडवतात आणि तिथेच फसतात, कारण गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर राहतं आणि खारं तळाशी. एका काचेच्या बाटलीला खाली दगड बांधा, तोंडाला बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली तळाशी गेली की बुचाची दोरी झटका देऊन ओढा. बुडबुडे थांबले की बाटली वर घ्या. असं एकदा पृष्ठभागाजवळचं आणि एकदा तळाचं पाणी काढून दोन्ही आकडे लिहा. वर ४०० आणि खाली ४५० आले तर विहीर सुखरूप आहे. वर ४०० आणि खाली १,५०० आले तर खाली खारं पाणी येऊन बसलं आहे, आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप) तळाशी असेल तर तो आधी तेच पाणी ओढणार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,००० आहेत.

खाली खारं पाणी का येतं हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे वाद मिटतात. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोघांच्या घनतेतला फरक फार थोडा, म्हणून समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची असेल, त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. हे गणित उलटंही चालतं: उपशाने गोडं पाणी एक फूट उतरून तसंच राहिलं, तर खाऱ्याला चाळीस फूट वर यायला वाव मिळतो. प्रत्यक्षात जमिनीतल्या थरांमुळे ते इतकं सरळ आणि लगेच होत नाही, पण दिशा हीच असते. किनारपट्टीवर बोअर मारू नये ते याचसाठी. बोअर थेट खालच्या खाऱ्यात जाते, आणि एकदा वर आलेलं खारं पाणी मागे हटायला कित्येक पावसाळे लागतात.

आधी उपसा, नंतर पन्हळ

पन्हळ बसवायला सगळे तयार होतात, कारण ते काम दिसतं आणि त्याला देणगीदाराची पाटी लागते. पंप लहान करायचा म्हटलं की समिती गप्प बसते. पण वाळूच्या पट्ट्यात खरा फायदा इथेच आहे.

फूट व्हॉल्व्ह तळापासून किमान एक मीटर वर घ्या. तीन किंवा पाच एचपीचा पंप असेल तर एक एचपीचा बसवा. मोठा पंप दहा मिनिटांत विहिरीचं पाणी खोल ओढतो आणि नेमकं त्याच्या खालून खारं पाणी उसळून वर येतं. सलग दोन तास उपसण्याऐवजी सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस, संध्याकाळी वीस असं वाटून घ्या. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा. चर्चच्या टाकीतून रात्रभर वाहून जाणारं पाणी हा आपल्याकडचा जुना आजार आहे. एप्रिलपासून तळाचा टीडीएस १,००० च्या वर गेला की बागेला पाणी बंद, असा नियम आधीच ठरवून फळ्यावर लिहा. त्या दिवशी चर्चा करायला बसलात तर बाग जिंकते.

चर्चच्या विहिरीतून टँकर भरू दिला जात असेल तर तो प्रश्न पालकीय परिषदेतच सोडवायला हवा, त्याला तांत्रिक उपाय नाही. वसईचा हरित पट्टा वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. हा वारसा सांगणाऱ्या गावांतल्या चर्चनी निदान आपल्या कठड्यापुरतं तरी तो पाळावा.

छपराचा हिशोब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराचं क्षेत्रफळ उतरत्या पाख्याचं धरू नका, वरून बघितल्यावर जेवढी जमीन झाकली जाते तेवढंच धरा. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद चर्च म्हणजे २४० चौरस मीटर. वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि मंगलोरी कौलांवर पाचवा हिस्सा शिंतोडे, शोषण आणि गळतीत गेला असं मानलं, तर ४ लाख ८० हजार लिटर उरतात. पत्र्यावर नुकसान याहून कमी होतं. सभागृहावर जुने सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते पाणी पिण्याच्या विहिरीत घेऊ नका, बागेकडे वळवा.

कोकणात वर्षाच्या पावसापेक्षा तासाचा पाऊस जास्त महत्त्वाचा. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर वरच्या छपरावरून तासाला २४,००० लिटर पाणी येतं, आणि नळ त्या हिशोबानेच घालायचे. ११० मिलिमीटरच्या एका उभ्या पाइपला ४० चौरस मीटर छप्पर, हे प्रमाण धरा. म्हणजे प्रत्येक पाख्याला तीन पाइप. प्लंबर हमखास एकावर भागवायला बघतो. मग जुलैच्या पहिल्या जोराच्या सरीला पन्हळ भरून वाहते, पाणी भिंतीवर उतरतं आणि दुसऱ्या रविवारी कोणीतरी म्हणतं, या योजनेमुळे चर्चला ओल आली.

पन्हळ दीडशे मिलिमीटर रुंदीची, पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्याची पन्हळ लवकर सडते. स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचेच हवेत. उतार दहा फुटांना एक इंच. आधार दर दोन फुटांवर, कारण वजन पाण्याचं असतं आणि झोडपणारा वारा वेगळाच. कौलाची कड पन्हळीत दीड-दोन इंच आत यायला हवी. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा, म्हणजे भरून वाहिली तरी पाणी बाहेर अंगणात पडेल. या अर्ध्या इंचाकडे कोणाचंच लक्ष नसतं.

पहिलं पाणी बाहेर

घंटेच्या मनोऱ्यात पारवे राहतात. सात-आठ महिन्यांची त्यांची विष्ठा, शेवाळ, सुकलेली पानं आणि रस्त्याची धूळ हे सगळं पहिल्या सरीबरोबर खाली येतं. सुरुवातीच्या दोन मिलिमीटर पावसात सगळ्यात जास्त घाण असते. ४० चौरस मीटरसाठी ते ८० लिटर होतात. त्याकरिता बाजारात तयार उपकरणं मिळतात. मात्र त्यातली बरीच आठ-दहा लिटरची असतात आणि कोकणच्या छपरांना पुरत नाहीत.

साधा उपाय म्हणजे प्रत्येक उभ्या पाइपला, जमिनीपासून दोन फुटांवर, टी (तीन तोंडांचा जोड) जोडून खाली बॉल व्हॉल्व्ह. मेपासून तो उघडाच ठेवायचा. वळवाचा पाऊस आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी बाहेर जाऊ द्यायच्या. मग फुलपात्रात पाणी घेऊन बघायचं: रंग नाही, वास नाही, तळाला गाळ नाही, तर व्हॉल्व्ह बंद, आणि पाणी गाळणीकडे. पुढे पावसाने आठवडाभर उघडीप दिली की पुन्हा एका सरीपुरता उघडायचा. हे काम चर्चच्या सेवकाकडे द्या आणि त्याच्या पाठीमागे एक नाव लिहून ठेवा. मनोऱ्याच्या खिडक्यांना जाळी बसवली तर निम्मा प्रश्न मुळातच सुटतो; फक्त आत घरटी नाहीत ना, हे बघून मगच ती लावा.

गाळणी जमिनीवर, जमिनीत नाही

शहरातल्या नकाशांवरून बांधलेल्या गाळण्या कोकणात जुलैत बंद पडतात. कारण साधं आहे. त्या जमिनीत चार फूट पुरलेल्या असतात आणि जुलैत भूजल त्यांच्याही वर आलेलं असतं. गाळणीतून बाहेर पडायला पाण्याला जागाच उरत नाही. आपल्याकडे छपराची उंची फुकट मिळते, म्हणून गाळणी जमिनीवर बांधा. साफ करायलाही वाकावं लागत नाही.

आकार: ८० चौरस मीटर छपराला एक चौरस मीटर वाळू. २४० च्या छपराला २ मीटर बाय दीड मीटरचं, १.२ मीटर उंच चेंबर. तळाला भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप, त्यावर ४० मिलिमीटरची खडी ३० सेंटिमीटर, मग १० ते १२ मिलिमीटरची खडी २० सेंटिमीटर, त्यावर नायलॉनची बारीक जाळी आणि जाळीवर जाड वाळू ४० सेंटिमीटर. वाळूच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा उरते. त्या जागेत वरच्या कडेला ओसंडण्याचा पाइप काढा आणि तो बावखलाकडे (वाडीच्या कडेच्या तळ्याकडे) किंवा शोषखड्ड्याकडे न्या, गटाराकडे नको. छपराचं पाणी वाळूवर सरळ आदळू नये म्हणून खाली एक चपटा दगड ठेवा, नाहीतर महिन्याभरात तिथे खड्डा पडतो आणि सगळं पाणी न गाळता त्या खड्ड्यातूनच जातं.

वाळू किनाऱ्यावरची नको. मीठ सोडाच, ती उचलणं हाच अपराध आहे. खदाणीची जाड वाळू घ्या आणि घमेल्यात इतकी धुवा की धुतलेलं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. न धुतलेल्या वाळूतली भुकटी पहिल्याच आठवड्यात गाळणी चोंदवते. कोळशाचा थर टाकायचा मोह आवरा. तो लवकर निकामी होतो आणि बदलायला कोणी जात नाही. दरवर्षी मेमध्ये वाळूचा वरचा दोन इंच थर खरवडून धुवायचा, तीन वर्षांनी सगळी वाळू बाहेर काढून धुवायची.

गाळणीतून निघालेला पाइप कठड्यातून आत नेऊन उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत खाली सोडा आणि टोकाला आडवा टी लावा. वरून धबधब्यासारखं पडणारं पाणी तळाचा गाळ ढवळतं आणि जुन्या चिऱ्यांच्या सांध्यातला चुना धुऊन नेतं.

जांभ्यावर असाल तर

कातळावरच्या गावांत वरचं सगळं नीट करूनही फेब्रुवारीत विहीर आटली, तर योजना फसली असं समजू नका. जांभा पाणी झटकन पितो आणि तितक्याच झटकन झऱ्यांवाटे खाली सोडून देतो. जुलैत विहिरीत सोडलेलं पाणी मेपर्यंत थांबत नाही. तिथे छपराचं पाणी बंद टाकीत साठवणं शहाणपणाचं. रोज ५० माणसांना प्यायला चार लिटर धरले तर १०,००० लिटरची टाकी ५० दिवस पुरते. टाकी जूनमध्ये भरू नका. तीन महिने छप्पर धुऊन निघाल्यावर सप्टेंबरच्या सरींनी भरा. उजेड आत जाता कामा नये, आणि ओसंडण्याच्या तोंडाला डासांची जाळी हवी.

मे: विहिरीत उतरण्याआधी

इसहाकाची गोष्ट उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात आहे. बापाने खणलेल्या आणि पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवलेल्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. मग त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या. पहिलीवर भांडण झालं म्हणून तिचं नाव एसेक पडलं, दुसरीवर वैर झालं म्हणून सितना. तिसरीवर कोणी भांडलं नाही, ती रहोबोथ. गाळ काढायला हात घालण्याआधी सातबारा बघा. विहीर चर्चची, पण वाट शेजाऱ्याची, किंवा वापराचा हक्क सगळ्या वाडीचा, असं किनाऱ्यावर सर्रास असतं. वाडीला बोलावून, तोंडी नाही तर कागदावर, ठरवून घ्या.

आता जिवाची गोष्ट. बंद पडलेल्या किंवा खोल विहिरीत जड वायू साठतो आणि माणूस उतरताच बेशुद्ध होतो. त्याला काढायला गेलेला दुसराही आतच राहतो. पेटता कंदील खाली सोडून तो विझला तर उतरायचं नाही, हे जुनं माप खरं आहे. मात्र कंदील पेटता राहिला म्हणजे हवा चांगली, हे त्याने सिद्ध होत नाही. आधी तासभर ब्लोअरने ताजी हवा आत सोडा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि वर दोन माणसं, त्यांचं दुसरं कुठलंही काम नाही. पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप कधीही विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचा पंप असेल तर माणूस पाण्यात असेपर्यंत मेन स्विच बंद आणि फ्यूज खिशात.

वाळूतली विहीर गाळासाठी पूर्ण कोरडी करू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब एका बाजूने येऊन तळातून वाळू उसळते, खालचे चिरे ढासळतात आणि वर खारं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. गुडघाभर पाणी ठेवून घमेल्याने गाळ काढायचा. जुन्या तळापर्यंत पोहोचलात की थांबायचं. ‘आणखी दोन फूट मारू’ म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो.

सफाईनंतर ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने गुणा. आलेला आकडा लिटरमध्ये असतो. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचं माप, म्हणजे ७० ग्रॅम. सफाईनंतर पहिल्या वेळी दुप्पट. पावडर सरळ विहिरीत फेकायची नाही. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पांढरा चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, चुना टाकून द्यायचा. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली नेऊन वर-खाली, चारही बाजूंना हलवायची. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त पावडर नको. हे रात्री करा. नेहमीच्या मापाला किमान एक तास जाऊ द्यायचा, दुप्पट मापाला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी वापरायचं नाही. उघडी पडलेली जुनी पावडर निरुपयोगी असते; डब्याचं झाकण उघडल्यावर डोळ्यांत झोंबली नाही, तर ती फेकून द्या.

शौचालयाची टाकी विहिरीपासून किमान १५ मीटर हवी. स्मशानभूमी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर त्या विहिरीचं पाणी पिऊ नका, बागेलाच वापरा. पाणी निवळ दिसलं तरी वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी करून घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा.

बावखल

वसईकडची बावखलं म्हणजे वाडीच्या कडेची गोड्या पाण्याची तळी. विहिरीत सोडलेलं पाणी थेट खाली जातं, बावखलातलं रेंगाळत मुरतं, आणि म्हणून ते जास्त दिवस साथ देतं. धर्मग्रामाच्या जमिनीत बुजत आलेलं बावखल असेल तर गाळणीवरचा खर्च एक वर्ष पुढे ढकलून आधी ते मोकळं करा.

जलपर्णी फुलण्याआधी, फेब्रुवारीतच, मुळासकट काढून काठापासून लांब वाळवा. काठावर ठेवलेली पहिल्या पावसाला परत आत उतरते. गाळ एप्रिलमध्ये काढून वाड्यांना वाटा, केळीला तो मानवतो. काठ सिमेंटने बांधू नका. सिमेंटचा काठ म्हणजे मुरण्याची वाट बंद, शिवाय पडलेलं वासरू किंवा मूल वर कसं येणार? एका बाजूला उतरता काठ ठेवा. तळाचा चिकण थर फोडू नका. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, खोलीची फिकीर त्याला नसते. म्हणून काठावर एक माणूस काठी घेऊन उभाच हवा.

२४ जून

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाला गोव्यात सांजांव म्हणून विहिरींत उड्या मारतात. सगळं काम त्याआधी उरकलेलं असावं आणि त्या दिवशी मिस्सानंतर विहिरीला आशीर्वाद देऊन व्हॉल्व्ह फिरवावा, इतका नेटका मुहूर्त दुसरा नाही. पाऊस लागलेला असतो, छप्पर धुऊन झालेलं असतं.

त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये विहीर तुडुंब भरते. पाणी जमिनीपासून एक मीटरच्या आत आलं की छपराचं पाणी विहिरीत सोडणं थांबवा आणि बावखलाकडे वळवा. भरलेल्या जमिनीत आणखी काही मावत नाही. उलट गाळणी तुंबते. सप्टेंबरच्या मध्यापासून पातळी उतरू लागली की पुन्हा विहिरीकडे. परतीच्या पावसाचा प्रत्येक थेंब जुलैतल्या दहा थेंबांच्या मोलाचा आहे, कारण तो उन्हाळ्याच्या जवळ पडतो.

आवारातल्या इतर गोष्टींबद्दल थोडंच. पेव्हर ब्लॉकची सध्या साथ आलेली आहे. पार्किंगपुरते घाला, पण सिमेंटवर नको, वाळूवर बसवा, आणि झाडांभोवती दीड-दोन मीटर माती मोकळी सोडा. झाडं उंडी, करंज, भेंड अशी खारा वारा सोसणारी लावा. वड-पिंपळ विहिरीपासून लांब. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी प्लास्टिकची फुलं नको हे ऑक्टोबरमध्येच जाहीर करा, आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जपून ठेवून पुढच्या वर्षीची राख त्यांचीच करण्याची रीत चालू ठेवाच.

सप्टेंबर, ऑक्टोबर आणि वहीचं शेवटचं पान

१ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. ऑर्थोडॉक्स चर्चचे पाट्रिआर्क दिमित्रिओस यांनी तो १९८९ मध्ये सुरू केला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कॅथलिक चर्चसाठी स्वीकारला. तिथपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, निर्मितीचा काळ पाळला जातो. प्रवचनं आणि चित्रकला स्पर्धा होतातच. त्यांच्या जोडीला दर रविवारी मिस्सानंतर विहिरीचे तीन आकडे फलकावर लिहा: पातळी, वरचा टीडीएस, तळाचा टीडीएस. लोक हळूहळू आपापल्या विहिरीचे आकडे घेऊन येऊ लागतात, आणि गावात कुठे खारं पाणी सरकतंय याचा नकाशा आपोआप तयार होतो.

वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, नव्या भाताची कणसं वेदीजवळ आणली जातात. त्या दिवशी कणसांशेजारी विहिरीचं पाणी भरलेला एक तांब्या आणि ती वही ठेवायला हरकत नसावी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे व्हॉल्व्ह उघडे करा, पन्हळीतली पानं काढा, पाइपांची तोंडं जाळीने बंद करा. नाहीतर उंदीर आत घर करतात. वहीत तीन गोष्टी लिहून समितीत वाचा: पंप रोज किती मिनिटं चालला, मेमधला तळाचा टीडीएस किती होता आणि गाळणी कितीदा तुंबली. मेमधला आकडा मागच्या वर्षीपेक्षा चढला असेल तर पन्हळीत दोष शोधत बसू नका, आधी पंपाची मिनिटं बघा. समिती बदलताना चाव्यांबरोबर ही वही नव्या समितीच्या हातात द्यायची आणि पोच घ्यायची.